एक्सेल की डॅशबोर्ड: अहवालासाठी काय निवडावे?
व्यवसायाची आकडेवारी एक्सेलमध्येच सांभाळावी की पॉवर बीआयसारख्या डॅशबोर्डकडे, म्हणजे आकडे आलेखांसह एकाच पडद्यावर दाखवणाऱ्या साधनाकडे वळावे, हा निर्णय मी स्वतः घेतला आहे. दोन्हींची सविस्तर वैशिष्ट्ये येथे देत नाही.

एक्सेलची बाजू भक्कम आहे. ऐन वेळी निघालेल्या प्रश्नाचे उत्तर काढायला तितके झटपट साधन मला अजून सापडलेले नाही, आणि सूत्रही डोळ्यांसमोर असते. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळींची मर्यादा असली, तरी मध्यम व्यवसायाला ती सहसा आड येत नाही.

मला आड आली ती वेगळीच गोष्ट. दर सोमवारच्या बैठकीत विक्री विभाग आणि लेखा विभाग आपापली फाइल घेऊन येत आणि एकाच महिन्याच्या विक्रीचे दोन आकडे समोर येत. एकाने परत आलेला माल वजा केलेला असे, दुसऱ्याने नसे. एकाने ऑर्डरची तारीख धरलेली, तर दुसऱ्याने बिलाची. चूक कोणाचीच नव्हती, तरीही पहिला अर्धा तास ताळमेळ बसवण्यातच जाई, आणि कोणत्या मालाची खरेदी थांबवायची हा खरा प्रश्न पुढच्या सोमवारवर ढकलला जाई. आमची उत्पादकता नेमकी कुठे गळते, हे मला तिथे दिसले.

डॅशबोर्ड करताना ‘विक्री’ कशाला म्हणायचे, हे एकदाच ठरवून लिहून काढावे लागले. त्यात काही आठवडे गेले, आणि ते काम साधनाने नव्हे, माणसांनी केले, हे मान्य करायला हवे. २०११ मध्ये अर्थतज्ज्ञ एरिक ब्रिन्योल्फसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७९ मोठ्या कंपन्या अभ्यासून, डेटाच्या आधारे निर्णय घेणाऱ्या कंपन्यांची उत्पादकता अपेक्षेपेक्षा ५ ते ६ टक्क्यांनी अधिक असल्याचे मांडले. तोही अभ्यास निर्णयाच्या पद्धतीचा होता, सॉफ्टवेअरचा नव्हे. शिवाय पॉवर बीआयच्या ‘प्रो’ परवान्यात इम्पोर्ट केलेला (म्हणजे त्यात प्रत करून घेतलेला) डेटा वेळापत्रकानुसार दिवसातून ८ वेळाच रिफ्रेश म्हणजे ताजा होतो, त्यामुळे क्षणाक्षणाचा आकडा हवा असणाऱ्यांची निराशा होऊ शकते.

फाइल एकाच माणसाच्या हातात राहत असेल, तर बदलाची घाई करू नये, असे मला वाटते. मात्र एकाच आकड्यावर दोन विभागांचे काम अडत असेल, तर माझा कल डॅशबोर्डकडे आहे. आमच्याकडे एक्सेल आजही रोज उघडले जाते. पण सोमवारी पडद्यावर डॅशबोर्ड असतो आणि बैठक थेट खरेदीच्या विषयापासून सुरू होते.