चार हातांचे काम: शिडाच्या लाकडी होडीच्या संचाविषयी

वडिलांबरोबर बांधण्यासाठी घेतलेला छोट्या शिडाच्या होडीचा संच आम्ही नुकताच पूर्ण केला. मरीन प्लायचे (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडचे) कापलेले तक्ते, तांब्याची तार, इपॉक्सी रेझिन व हार्डनर (एकत्र केल्यावर कडक होणारे चिकट मिश्रण), काचतंतूची पट्टी, डोलकाठीचे लाकूड आणि तयार शीड असे साहित्य त्यात येते. तक्ते तारेने शिवून सांधे रेझिन व काचतंतूच्या पट्टीने जोडण्याची ही पद्धत १९६०च्या दशकात आलेल्या ‘मिरर’ या होडीने हौशी लोकांपर्यंत पोहोचवली आणि होडी बांधायला कसबी सुतारच हवा, ही अट सैल केली.

या संचातील सर्वांत सुंदर टप्पा शिवणाचा आहे. वडील बाहेरून तक्ता दाबून धरत आणि मी आत ओणवी राहून पकडीने तारेला पीळ देत असे. नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, जिथे प्लाय सर्वाधिक वाकतो, तिथे एकच तार आवळली तर भोकाची कड फाटते. म्हणून आधी सगळ्या तारा सैल घालून मग आळीपाळीने आवळाव्या लागतात. हे एकट्याने होण्यासारखे नाही आणि माझ्या मते हीच या संचाची खरी किंमत आहे.

संचाबरोबरच्या पुस्तिकेत मात्र एक गंभीर उणीव आहे. शिवण झाल्यावर ती थेट सांधे भरायला सांगते. होडीला पीळ पडला आहे का, हे तपासायला सांगत नाही. वडिलांनी दोन सरळ पट्ट्या एक पुढे, एक मागे अशा आडव्या ठेवल्या आणि एक डोळा मिटून पाहिले, तेव्हा मागची पट्टी डावीकडे बोटभर खाली दिसली. त्या बाजूच्या तारा सैल करून, खाली पाचर सारून आम्ही ती सरळ केली. इपॉक्सी एकदा कडक झाल्यावर हा दोष निघाला नसता आणि होडी एका बाजूला ओढत राहिली असती.

इपॉक्सीची प्रमाणे पुस्तिकेत नीट दिली आहेत. लवकर सुकावे म्हणून हार्डनर वाढवू नये आणि घासण्यापूर्वी पृष्ठभागावर आलेला मेणचट थर पाण्याने धुऊन काढावा, हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. परंतु मिश्रणासाठी दिलेले पेले उभे व अरुंद आहेत. अशा पेल्यात मिश्रणाची उष्णता कोंडते. आमचा पहिला घाणा हातातच तापून कडक झाला. पसरट थाळी वापरावी. लाकडाचा भुसा मिसळलेला इपॉक्सीचा लगदा सांध्यात भरून वडील चमच्याच्या पाठीने एका दमात ओढत. तशी सलग, गोलसर कड मला शेवटच्या सांध्यापर्यंत जमली नाही.

शीड आणि सुकाणू यांबद्दल तक्रार नाही. उन्हाने इपॉक्सी खराब होते, म्हणून वरून अतिनील किरण अडवणारे व्हार्निश आवश्यक आहे. ते संचात नाही, वेगळे घ्यावे लागते. हातमोजे व मास्कही आपलेच आणावेत. लहान मुलांना पॉलिश पेपरने घासण्याचे काम मास्क लावून द्यावे, इपॉक्सीपासून मात्र दूर ठेवावे.

ज्यांना दोघांनी मिळून, घाई न करता काम करायचे आहे, त्यांनी हा संच जरूर घ्यावा. होडी पहिल्यांदा पाण्यात उतरवली, तेव्हा वडिलांनी शिडाकडे पाहिलेच नाही. आत वाकून तळाच्या सांध्यावरून त्यांनी बोट फिरवले आणि कोरडे बोट मला दाखवले.