काँक्रीटची भिंत आणि इन्सुलेशनचा थर: आयसीएफ, एएसी की बाहेरून चढवलेला फोम?

वीज कमी खाणारं घर बांधायचं आणि भिंती काँक्रीटच्या हव्यात, एवढं ठरलं तरी निर्णय निम्माच झालेला असतो. काँक्रीट मजबूत असतं, पण उष्णता अडवण्याच्या बाबतीत अगदीच कुचकामी. १५० मिमी जाडीच्या उघड्या काँक्रीट भिंतीतून २३० मिमीच्या विटेच्या भिंतीपेक्षा जवळजवळ दुप्पट उष्णता आरपार जाते. अडवण्याचं काम फोमचा किंवा रॉकवूलचा (दगडी धाग्यांच्या लोकरीचा) थर करतो. म्हणून ‘काँक्रीट की वीट’ यापेक्षा थर किती जाड आणि भिंतीच्या कोणत्या अंगाला, याची चौकशी आधी करावी. जाडीबद्दल सगळे विक्रेते भरभरून बोलतात. कोणत्या अंगाला हे फार कमी जण सांगतात, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

आधी उमेदवार बघू.

आयसीएफ म्हणजे फोमच्या पोकळ ठोकळ्यांची भिंत. ईपीएसचे, म्हणजे टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो त्या जातीच्या पण जास्त घट्ट फोमचे दोन पट्टे, प्रत्येकी साधारण ६५ मिमी, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. ठोकळे एकावर एक रचायचे, मधल्या पोकळीत सळई बांधायची आणि काँक्रीट ओतायचं. फोम हेच शटरिंग, आणि ते कायमचं तिथेच राहतं. १९६० च्या दशकात कॅनडातल्या वर्नर ग्रेगोरी या कंत्राटदाराने ही कल्पना मांडली. मधला गाभा १०० ते २०० मिमीपर्यंत मिळतो. घरासाठी बहुधा १५० घेतात.

दुसरा पर्याय साध्या काँक्रीटच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीवर बाहेरून ईपीएस किंवा रॉकवूलचे पट्टे चिकटवून, खिळवून, त्यावर फायबरची जाळी आणि पातळ प्लास्टर चढवण्याचा. तिसरा एएसी ब्लॉकचा. स्वीडनमध्ये १९२० च्या दशकात निघालेलं हे हवेच्या बुडबुड्यांचं हलकं काँक्रीट आज सर्वांत ओळखीचं आहे, आणि ते बहुतेक वेळा आरसीसी खांब-तुळयांच्या चौकटीत भरलं जातं. आणखी दोन प्रकार कानावर येतील. एकात कारखान्यात ओतलेले, मध्ये फोम असलेले सँडविच पॅनेल क्रेनने उभे करतात. दुसऱ्यात फोमच्या दोन्ही बाजूंना तारेची जाळी असते आणि जागेवर काँक्रीट फवारतात. पहिला एकट्या घराला क्वचित परवडतो, दुसऱ्यात फवारणारा हात कसलेला लागतो. दोन्ही इथे सोडून देतो.

आता आकडे. यू-व्हॅल्यू म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर भिंतीतून किती वॅट उष्णता जाते ते. जितकी कमी तितकी चांगली. खालचे आकडे त्या त्या साहित्याची नेहमीची उष्णतावाहकता धरून काढले आहेत. तुमच्या मालाप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतील, पण क्रम बदलणार नाही.

| भिंत | यू-व्हॅल्यू | १०० चौ.मी. भिंत, १५ अंश फरक |
|---|---|---|
| उघडं काँक्रीट, १५० मिमी | ३.९ | ५,८५० वॅट |
| वीट २३० मिमी, दोन्हीकडे प्लास्टर | २.० | ३,००० वॅट |
| एएसी २०० मिमी, दोन्हीकडे प्लास्टर | ०.७ | १,०५० वॅट |
| काँक्रीट १५० + बाहेरून ७५ मिमी ईपीएस | ०.४२ | ६३० वॅट |
| आयसीएफ (६५ + १५० + ६५) | ०.२६ | ३९० वॅट |

एवढं बघून आयसीएफवर शिक्का मारायचा मोह होईल. पण चौथ्या ओळीत ७५ ऐवजी १३० मिमी ईपीएस घातलं तर तिथेही ०.२६ च येतो. फोम तोच, काँक्रीट तेच. म्हणजे आकड्याच्या जोरावर आयसीएफ जिंकत नाही, फक्त त्यात जास्त फोम आधीच ठरलेला असतो.

एएसीच्या ओळीत मात्र एक पळवाट आहे आणि ती कोणी सांगत नाही. ०.७ हा आकडा ब्लॉकचा आहे, भिंतीचा नव्हे. चौकटीच्या घरात खांब आणि तुळया मिळून बाहेरच्या भिंतीचा पाचवा हिस्सा सहज व्यापतात, आणि त्या उघड्या काँक्रीटच्या असतात. २३० मिमी काँक्रीटची यू-व्हॅल्यू प्लास्टर धरून ३ च्या आसपास येते. ८० टक्के भिंत ०.७ ने आणि २० टक्के ३ ने मोजली की सरासरी १.१६ होते. म्हणजे जाहिरातीतल्या भिंतीपेक्षा दीडपटीहून जास्त गळती, आणि त्यातली निम्म्याहून अधिक त्या २० टक्क्यांतून. थंड प्रदेशात याच खांबांवर आतून दव धरतं आणि कोपऱ्यात काळी बुरशी येते. एएसी घ्यायचाच असेल तर निदान खांब-तुळयांवर बाहेरून ४०-५० मिमी फोम चढवा. तेवढ्याने चित्र पार बदलतं.

आता मेखेकडे येऊ. काँक्रीट उष्णता अडवत नसलं तरी साठवतं भरपूर. १५० मिमीच्या भिंतीचा एक चौरस मीटर म्हणजे ३६० किलो माल. अशी १०० चौरस मीटर भिंत एका अंशाने तापवायला सुमारे ९ युनिट उष्णता लागते. तीन अंशांच्या चढउतारात २६ युनिट त्या भिंतीत मुरतात आणि खोलीची हवा फारशी हलत नाही. हा साठा फुकट मिळालेला असतो. तो खोलीच्या कामी यायचा तर काँक्रीट खोलीच्या हवेला लागून हवं आणि फोम बाहेर.

आयसीएफमध्ये नेमकं हेच होत नाही. काँक्रीट दोन रजयांच्या मध्ये झोपलेलं असतं. आतल्या ६५ मिमी फोममुळे खोलीची हवा त्या साठ्यापर्यंत नीट पोचतच नाही. ‘काँक्रीटच्या वस्तुमानामुळे घर दिवसभर गार’ असं आयसीएफच्या माहितीपत्रकात वाचलंत तर त्यावर सरसकट विश्वास ठेवू नका. बाहेरच्या उन्हाचे झटके हा गाभा सपाट करतो, हे खरं. पण आतली उष्णता शोषून घेण्याचं काम तो जवळजवळ करत नाही. ते काम जमिनीने, स्लॅबने आणि आतल्या भिंतींनी करायचं.

याचा निर्णयावर परिणाम असा होतो. दिवसा कडक ऊन आणि रात्री हवा खरोखर गार होत असेल, आणि तुम्ही रात्री खिडक्या उघडून घर थंड करणारे असाल, तर बाहेरून थर आणि आत उघडं किंवा नुसतं प्लास्टर केलेलं काँक्रीट यासारखी भिंत नाही. रात्री भिंत थंडी पिते, सकाळी खिडक्या लावल्या की दुपारपर्यंत ती परत देते. घर चोवीस तास एसीवर किंवा हीटरवर राहणार असेल तर आयसीएफचं पारडं जड होतं. तिथे तापमान हलतच नाही, म्हणून साठ्याचा प्रश्न उरत नाही, आणि हवाबंदपणाचा फायदा पुरेपूर मिळतो. तिसरी सवय रात्री फक्त झोपायच्या खोलीत एसी लावण्याची. त्या खोलीला जड भिंत आतून नकोशीच असते, कारण एसीचा पहिला वेळ तापलेलं काँक्रीट थंड करण्यात जातो. आयसीएफचं आतलं फोम आणि जिप्सम बोर्ड पटकन गार पडतं. जिथे रात्रीही उकाडा आणि दमटपणा हटत नाही तिथे वस्तुमानाचा उपयोग तसाही थोडा. मग थराची जाडी, सावली आणि हवाबंदपणा यांवरच भर द्यावा.

बांधकामात तिन्हींचा स्वभाव अगदी वेगळा. एएसी कोणताही गवंडी लावतो, चूक दिसते आणि दुसऱ्या दिवशी सुधारता येते. बाहेरच्या थरात मुख्य काळजी चिकटवण्याची. पट्ट्यामागे नुसते गोळे लावले की मागून हवा खेळते आणि थर असून नसल्यासारखा होतो. कडेने सलग पट्टी आणि मध्ये गोळे, ही रीत. तळमजल्यावर सायकल, शिडी आदळली की पातळ प्लास्टर फुटतं, तेव्हा खालच्या दोनेक मीटरला जाळी दुहेरी द्यावी. शिवाय हा थर पुढे कधीतरी, पैसे जमल्यावरही चढवता येतो. आयसीएफला ही सवलत नाही.

आयसीएफची परीक्षा काँक्रीट ओतण्याच्या दिवशी होते. ओलं काँक्रीट पाण्यासारखं बाजूंना ढकलतं. १.२ मीटर उंचीला तळाशी दाब चौरस मीटरला जवळपास तीन टन, आणि पूर्ण मजला एका दमात भरला तर सात टन. म्हणून घराभोवती फिरत एका फेरीत मीटर-सव्वा मीटरच भरायचं, खालचा माल जरा आवळू द्यायचा आणि मग दुसरी फेरी. घाई झाली की एखादा ठोकळा फुटतो, भोकातून माल बाहेर येतो आणि फळ्या-धिरे लावून तो थोपवताना सगळ्यांची त्रेधा उडते. खडी १०-१२ मिमीची, माल वाहता पण पाणी ओतून पातळ केलेला नव्हे, व्हायब्रेटर बारीक सुईचा. खिडकीच्या खालच्या बाजूला आणि दाट सळईच्या कोपऱ्यात माल पोचला की नाही हे मुद्दाम पाहावं लागतं, कारण साध्या शटरिंगमध्ये फळ्या काढल्या की पोकळ जागा डोळ्यांना दिसते. इथे फळ्या कधीच निघत नाहीत. माझ्या लेखी आयसीएफचा सर्वांत मोठा धोका हाच. एक जमेची बाजूही आहे. फोममुळे काँक्रीटमधलं पाणी उडून जात नाही, त्यामुळे भिंतींवर दिवसेंदिवस पाणी मारत बसावं लागत नाही.

वायरिंगसाठी फोममध्ये गरम सुरीने खाचा मारतात, ते काम सोपं. जाड ड्रेनेज पाइप मात्र त्या ६५ मिमीत बसत नाहीत, त्यांची वाट आतल्या भिंतींतून आधीच आखा. वजनदार कपाटं आणि गिझर कुठे टांगणार तेही आधी ठरवा, कारण फोमला खिळा धरत नाही. आणि पाच वर्षांनी नवीन दार पाडायची हौस आली तर एएसीत ते दोन दिवसांचं काम, आयसीएफमध्ये सळईसकट काँक्रीट कापायची करवत मागवावी लागते.

वादळाच्या आणि भूकंपाच्या पट्ट्यात आयसीएफच्या बाजूने बोलावंच लागेल. सळई घातलेली सलग काँक्रीट भिंत स्वतःच भार पेलते. चौकटीत भरलेला ब्लॉक तसं करत नाही, आणि जोरदार हादऱ्यात तो चौकटीपासून सुटू शकतो. बाहेरून थर दिलेली भिंत आरसीसीची असेल तर ती याबाबत आयसीएफच्या बरोबरीची.

आग आणि वाळवी या दोन गोष्टी फोमच्या नावाला चिकटलेल्या आहेत. काँक्रीटचा गाभा तासन् तास आगीला दाद देत नाही, पण ईपीएस १०० अंशांच्या आसपासच मऊ पडतं आणि जळताना काळा धूर सोडतं. त्यामुळे अग्निरोधक दर्जाचं फोम घ्यायचं आणि आतली बाजू किमान १२ मिमी जिप्सम बोर्डाने किंवा प्लास्टरने झाकायचीच. माळ्यावर किंवा स्टोअररूममध्ये ‘तिथे कोण बघतंय’ म्हणून उघडी ठेवायची नाही. वाळवी फोम खात नाही, पण त्यातून न दिसता बोगदा काढून लाकडापर्यंत जाते. जमिनीलगत १५० मिमीचा पट्टा फोमविना, दिसेल असा ठेवला तर तिचा माग लागतो. ही काळजी बाहेरच्या थरालाही तितकीच लागू. एएसी इथे निर्धास्त.

जागेचा हिशेबही करून ठेवा. आयसीएफ भिंत फिनिशसकट ३१० मिमीच्या आसपास जाते, एएसी २३० मध्ये आटोपते. ४० मीटर परिघाच्या घरात हा फरक प्रत्येक मजल्यावर ३.२ चौरस मीटर होतो, म्हणजे एक छोटं बाथरूम. सिमेंटचाही विचार हवा. आयसीएफच्या १०० चौरस मीटर भिंतीत १५ घनमीटर काँक्रीट, म्हणजे साधारण साडेचार टन सिमेंट जातं. एकमजली घराला एवढ्या ताकदीची गरज असतेच असं नाही. फ्लाय ॲश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेलं सिमेंट वापरून हा बोजा कमी करता येतो.

भिंतीवर सगळं बजेट उधळण्याआधी एक गणित करा. २० चौरस मीटर खिडक्या एकेरी काचेच्या असतील तर १५ अंशांच्या फरकाला त्यांतून १,७०० वॅट जातात, वरच्या आयसीएफ भिंतीच्या चौपटीहून जास्त. उन्हाचा थेट मारा यात धरलेलाच नाही. उष्ण हवेत छताचा नंबर भिंतीच्या आधी लागतो. म्हणून छताचा थर, खिडक्यांवरची सावली, दुहेरी काच आणि मग भिंत, या क्रमाने पैसे घाला. घर खरोखर हवाबंद झालं तर ताजी हवा आत आणणारी यंत्रणाही बजेटमध्ये धरा, नाहीतर आत दमट आणि कोंदट होतं.

मी निवडायला बसलो तर साध्या दोन मजली घराला, रात्री गार पडणाऱ्या हवेत, काँक्रीट किंवा ब्लॉकच्या भिंतीवर बाहेरून १०० मिमी थर घेईन. वादळी किनाऱ्यावर किंवा बाराही महिने एसी-हीटर चालणाऱ्या घराला आयसीएफ. हातात पैसे कमी आणि कारागीर फक्त ओळखीचे असतील तर एएसी, खांब-तुळया झाकून.

आयसीएफ ठरलं तर ठेकेदाराला घराआधी कुंपणाची किंवा पाण्याच्या टाकीजवळची एक छोटी भिंत ओतायला लावा, कोपरा आणि खिडकीएवढं भोक धरून. आठवड्याने खिडकीखालचा आणि कोपऱ्याचा फोम कापून आत बघा. काँक्रीट गुळगुळीत दिसलं तर पुढे जा. खडी उघडी दिसली, बोट जाईल अशी पोकळी सापडली, तर ठेकेदार बदला किंवा भिंतीचा प्रकार.