‘डिलिव्हर्ड’ दिसलं म्हणून गप्प बसू नका

माझी वहिनी विक्रोळीला कन्नमवारनगरात घरीच ब्लाउज शिवते. गणपतीच्या आधीचे दिवस म्हणजे तिचा खरा सीझन. जुनं मशीन सारखं अडायला लागलं, म्हणून तिने एका ऑनलाइन मार्केटप्लेसवरच्या विक्रेत्याकडून ७,४०० रुपयांचं नवं मागवलं. पैसे कार्डाने आधीच भरले.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. "पावसामुळे गाडी भिवंडीला अडकलीय ताई, दोन दिवस थांबा." तक्रारीची मुदत संपावी म्हणून हे चाललेलं असतं, एवढं लक्षात ठेवा. मुदत संपत आली आणि एका दुपारी अ‍ॅपवर ‘डिलिव्हर्ड’ झळकलं. वहिनी घरातच होती, दारावर कोणी आलं नव्हतं. गेटवरच्या रजिस्टरमध्ये कुरियरवाल्याची नोंदच नाही. रिफंड मागितला तर उत्तर आलं, वस्तू पोचली आहे, दावा बंद.

मी ट्रॅकिंग नंबर घेऊन कुरियरच्या ऑफिसात गेले. तिथल्या मुलाने स्क्रीन माझ्याकडे वळवली. पार्सलचं वजन ६० ग्रॅम! शिलाई मशीन ६० ग्रॅमचं? पिनकोड आमचाच, पण सही भलत्याच नावाची. आमच्या भागात दुसऱ्याच कुणाला पाकीट पाठवून तो नंबर आमच्या ऑर्डरला चिकटवला होता. वजन आणि नाव असलेली ती नोंद मी शिक्क्यासकट घेतली. पुढे हाच कागद कामी आला.

एवढ्यात विक्रेत्याचा मेसेज, "तक्रार मागे घ्या, पैसे थेट यूपीआयवर टाकतो." असं कोणी म्हटलं तर अजिबात ऐकू नका. तक्रार मागे घेतली की तुमच्या हातात काहीच उरत नाही.

मार्केटप्लेसच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. पोचही आली नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बँकेत चार्जबॅकचा, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे बँकेमार्फत परत मिळवण्याचा अर्ज दिला, दोन्हीकडे तो कागद जोडला. पैसे परत आले, पण दसरा तोंडावर आला तेव्हा. गणपतीची शिलाई गेली ती गेलीच, आणि याचा मला अजून संताप येतो.

एवढं करूनही पैसे सुटले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. विक्रेता परराज्यातला असला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, फक्त दोन वर्षांच्या आत करा.