पिंटरेस्ट बोर्ड की पाट्यांचा फोल्डर? मराठी अक्षरांचं काम करणाऱ्यांसाठी

मागच्या महिन्यात एका ज्युनिअर पोराने विचारलं, दादा मराठी पोस्टरचं काम आलंय, रेफरन्स कुठून घेऊ, पिंटरेस्टवर चित्रं जमवून बोर्ड करू का तुम्ही करता तसे पाट्यांचे फोटो काढत फिरू? चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या जे सांगितलं ते अर्धवटच होतं, म्हणून आता नीट लिहितोय. दोन्ही मी स्वतः केलंय, पिंटरेस्ट आठेक वर्षं आणि फोल्डर पाच-सहा वर्षं, आणि दोन्ही अजून चालू आहेत. पिन काय असते, बोर्ड कसा करतात वगैरे सांगत बसत नाही. आणि तुमचं सगळं काम इंग्रजीतच असेल तर खुशाल पिंटरेस्ट वापरा, पुढचं वाचायचीही गरज नाही.

पिंटरेस्टची बाजू आधी मांडतो, नाहीतर म्हणाल याचं आधीच ठरलेलं होतं. (ठरलेलं आहेच, पण तरी.) रात्री अकराला क्लायंटचा मेसेज येतो, 'उद्या सकाळी दोन ऑप्शन दाखवा', तेव्हा कोणी पाट्या बघत गावभर फिरू शकत नाही. वीस मिनिटांत बोर्ड तयार होतो, रंग, फोटोची ट्रीटमेंट, मोकळी जागा कुठे सोडायची, सगळ्याचा अंदाज येतो. एखाद्या चित्राचा कोपराच निवडून 'असंच अजून दाखव' म्हणता येतं, ती सोय तर फारच भारी आहे. आणि सगळ्यात मोठा उपयोग क्लायंटशी बोलायला होतो, कारण 'जरा फ्रेश पाहिजे' म्हणजे त्याच्या डोक्यात नक्की काय आहे हे त्यालाही माहीत नसतं, पण बारा चित्रं समोर ठेवली की दोन मिनिटांत बरोबर एकावर बोट ठेवतो. माझ्या फोल्डरमधले पिठाच्या गिरणीचे फोटो दाखवून हे होत नाही. एकदा दाखवून बघितले होते, समोरचा बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, 'छान, पण आपलं काय?'

आता त्रास. पिंटरेस्टवर मराठी टायपोग्राफी असं शोधलं की सुविचार येतात, वाढदिवसाचे बॅनर येतात, लग्नपत्रिका येतात, आणि त्यातली एखादी चुकून सेव्ह केली की पुढचे पंधरा दिवस पिंटरेस्टला वाटतं घरात लग्न आहे. हल्ली त्यात एआयने केलेली चित्रं घुसली आहेत, ज्यात लांबून देवनागरी वाटते आणि जवळ गेलं की एकही अक्षर अक्षर नसतं, शिरोरेषेला नुसत्या आकड्या टांगलेल्या. आता त्यावर लेबल लावतात, कमी दाखवा म्हणायची सोयही दिली आहे, त्यामुळे थोडं बरं आहे. याचा वैताग येतो, पण माझं मत फोल्डरच्या बाजूने झुकलं ते यामुळे नाही. हिंदी रेफरन्सचा ल आणि श आपल्यापेक्षा वेगळा असतो तो प्रकारही आहेच. राज्य सरकारने २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श असं ठरवून दिलंय, आणि गूगल फॉन्ट्सवर तिरो देवनागरी हा फॉन्ट तर हिंदी, मराठी आणि संस्कृतसाठी चक्क वेगवेगळा ठेवलाय, तरी बोर्डावरून उचललेला हिंदी ल सर्रास मराठी पोस्टरवर दिसतो. आमच्या आईला डिझाईनमधलं काही कळत नाही पण तो ल बघून ती म्हणते, हे बाहेरच्या कोणीतरी लिहिलंय.

बिहान्सचं (डिझायनर लोक आपलं काम टाकतात ती साइट) एका वाक्यात सांगतो. तिथे देवनागरी शोधलं तर विद्यार्थ्यांचे चांगले प्रोजेक्ट सापडतात, कच्ची स्केचेसही असतात, म्हणून शिकायला पिंटरेस्टपेक्षा बरं, पण घाईच्या वेळी तितकं कामाचं नाही.

तर माझं मत बदललं ते एका पोस्टरमुळे. एका वाचनालयाचा मुलांसाठी कार्यक्रम होता, नाव 'वाचू गोष्टी'. छान छोटं नाव, म्हटलं दोन ओळींत मोठ्ठं लावू, वर 'वाचू' खाली 'गोष्टी', दोन्ही ओळी सारख्या रुंदीच्या, जाडजूड, एकमेकींना चिकटून. बोर्डावर असली वीसेक पोस्टरं सेव्ह केलेली होती आणि सगळी एकापेक्षा एक देखणी. लावायला घेतलं आणि अडकलो, कारण 'चू'चा ऊकार जिथे खाली उतरतो बरोबर तिथेच 'ष्टी'ची वेलांटी वर येते. ओळी जवळ घेतल्या की दोघांची टक्कर, लांब केल्या की डावीकडे 'वा' आणि 'गो'च्या मध्ये एवढी पोकळी की दात पडल्यासारखं दिसतं. 'गो'ची मात्रा आहे पण ती 'वा'च्या खालच्या रिकाम्या जागेत आरामात बसते, भांडण फक्त उजव्या टोकाला. फॉन्ट बदलला, तेच. जाडी वाढवली तर 'ष्ट'मधली पांढरी जागा बुजली. रात्री दीडपर्यंत मी ती वेलांटी एक-एक पॉइंट सरकवत बसलो होतो.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की बोर्डावरची ती वीसच्या वीस पोस्टरं इंग्रजी कॅपिटलमध्ये होती. कॅपिटल अक्षरं विटांसारखी असतात, सगळी एका उंचीची, वर काही नाही खाली काही नाही, रचा एकावर एक. आपल्याकडे तीन मजले आहेत, शिरोरेषेच्या वर मात्रा-वेलांट्या-रफार-अनुस्वार, मधे अक्षर, खाली उकार, आणि कधी कधी जोडाक्षराचं ओझं तेही खालीच. आणि कॅपिटल नावाची गोष्टच नाही, त्यामुळे 'हेडिंग कॅपिटलमध्ये, खाली बारीक स्मॉलमध्ये' ही पिंटरेस्टवरची अर्धी युक्ती आपल्याकडे जन्मालाच येत नाही. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवून अक्षरं ऐसपैस सोडायची फॅशन आहे ना, ती देवनागरीवर करून बघा, शिरोरेषा तुटते आणि शब्दाची सुटी अक्षरं होतात. म्हणजे बोर्डावर मी जे जमवत होतो तो उपायांचा साठा होता, फक्त माझ्याकडे नसलेल्या आजारावरचा. हे तेव्हा मला फार लागलं. इतकी वर्षं जमवत होतो हो.

फोल्डर तेव्हा होता पण नुसता हौसेचा, फोनमध्ये 'पाट्या' नावाने. त्याच रात्री उघडला आणि खाली जाता जाता एका गिरणीची पाटी सापडली, कोल्हापूरजवळच्या एका गावातली, पत्र्यावर ऑइल पेंटने रंगवलेली. वरची ओळ 'ज्वारी गहू', खालची 'दळून मिळेल'. आता बघा, 'हू'चा ऊकार उजव्या टोकाला खाली येतो आणि त्याच्याच खाली 'ळे'ची मात्रा वर उठते, म्हणजे माझाच प्रॉब्लेम. पेंटरने काय केलं, तर ऊकार खाली सोडलाच नाही, त्याला मांजराच्या शेपटीसारखा उजवीकडे आडवा पसरवला, आणि 'ळे'ची मात्रा डावीकडे जरा जास्त कलती करून त्या शेपटीच्या मागे सरकवली. दोघांच्या मध्ये जेमतेम बोटभर जागा, पण पुरते. वर लाल अक्षराला पांढरी कड आणि मग काळी सावली, आणि सावली मुद्दाम डावीकडे टाकलेली, कारण उजवीकडे टाकली असती तर तीच मात्रेवर चढली असती. हा माणूस माझ्यासारखा रात्री दीडपर्यंत बसला नसणार. त्याने एकदाच खडूने आखलं असणार आणि रंगवून मोकळा झाला असणार.

मी 'चू'चा ऊकार तसाच आडवा ओढला, पार पोस्टरच्या कडेपर्यंत नेला, वेलांटी थोडी बसकी केली, आणि दोन ओळी अशा बसल्या की जणू एकाच शब्दाच्या आहेत. हातानेच काढलं, मग स्कॅन करून कॉम्प्युटरवर त्याच्या रेषा (कर्व्हज) केल्या. कार्यक्रमानंतर कार्यकर्त्यांपैकी एकाचा मेसेज आला, 'फॉन्ट मस्त आहे, फाईल पाठवा ना.' आता काय पाठवणार.

तेव्हापासून फोल्डर मन लावून भरतोय. पण तो सोपा आहे असं अजिबात समजू नका. एक तर फोटो सरळ समोरून मिळत नाही, मधे वायर, स्कूटर, नाहीतर लटकवलेली नारळं. दुसरं म्हणजे लोक संशयाने बघतात. मराठी पाट्यांचा नियम २०२२ मध्ये कडक झाल्यापासून तर दुकानदार थेट बाहेर येतात, 'साहेब पालिकेचे का? मराठी मोठ्या अक्षरातच आहे बघा.' एकाने मला आत बसवून लिंबू सरबत दिलं आणि लायसन्स दाखवलं. मी म्हटलं काका, मी तुमच्या 'क्ष'साठी आलोय. त्यांना ते पटलं नाही, पण सरबताचे पैसेही घेतले नाहीत. त्या नियमाने मराठी पाट्या वाढल्या ही चांगलीच गोष्ट, पण घाईत बऱ्याच जणांनी जुनी रंगवलेली पाटी उतरवून फ्लेक्स लावला, आणि फ्लेक्सवाल्याच्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये जो श्रीलिपी पॅकेजमधला मराठी फॉन्ट समोर उघडा असेल तोच सगळ्या बाजारपेठेला लागला. म्हणून म्हणतो, फोटो काढायचे असतील तर लवकर काढा.

पाट्यांबरोबर रद्दीही बघा. जुने दिवाळी अंक, साठ-सत्तरच्या दशकातले मिळाले तर सोडू नका, चित्रकार दीनानाथ दलालांच्या 'दीपावली'सारखा अंक हाती लागला तर नशीबच. चित्रांकडे सगळे बघतात, तुम्ही आतल्या कथांची शीर्षकं बघा, प्रत्येक कथेचं नाव हाताने काढलेलं असायचं. आणि जुन्या वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती. कमल शेडगे यांनी (ते २०२० मध्ये गेले) नाटकांची नावं ज्या प्रकारे काढली ती बघितली की कळतं, वेलांटी, उकार, रफार या आपल्या अडचणी नाहीतच, तोच तर खेळायचा माल आहे. जागा दोन कॉलमांची, शाई वर्तमानपत्राची, तरी नाव बघून नाटक हसवणारं की रडवणारं ते समजायचं. रद्दीवाल्याला मात्र सांगू नका कशासाठी हवंय, कळलं की किलोचा भाव जातो आणि नगाचा लागतो.

फोल्डरचे तोटे अजून आहेत, प्रामाणिकपणे सांगतो. शोधता येत नाही, 'जोडाक्षर असलेली पाटी' असं टाइप करून काही सापडत नाही, आणि गॅलरीत त्या पाट्या भाचीच्या बारशाच्या फोटोंमध्ये मिसळलेल्या असतात. मी आता दर रविवारी अर्धा तास बसून वेगळ्या करतो, 'उकार', 'रफार', 'जोडाक्षरं', 'दोन ओळी' अशा चार पोटफोल्डरमध्ये, बाकी नावं-गावं लिहीत नाही. (गाव लिहायला हवं होतं हे आता कळतंय.) सगळ्याच पाट्या भारी असतात असंही नाही, दहातल्या सात साध्याच असतात आणि एकीत शुद्धलेखन चुकलेलं असतं. शिवाय हे सगळं हेडिंगपुरतंच. आतल्या मॅटरला पाट्यांचा काही उपयोग नाही, तिथे मी निमूटपणे 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्यांचा 'मुक्ता' फॉन्ट लावतो आणि पुढे जातो. त्यांचा बलू पण चांगला आहे, पण निदान आमच्या गावात तो चिवड्याच्या पाकिटापासून शाळेच्या ॲडमिशनच्या फ्लेक्सपर्यंत सगळीकडे आहे, त्यामुळे हात जरा थांबतो.

अजून एक. फोल्डरातून काम करायचं म्हणजे हाताने काढावं लागतं, फॉन्ट उचलून लावायचा नसतो, त्यामुळे एका हेडिंगला दीड-दोन दिवस धरा. तेवढे पैसे क्लायंट देत नसेल तर बोर्डावरच थांबा, काही बिघडत नाही. आणि पाटीवरून जशीच्या तशी अक्षरं ट्रेस करू नका, ती कुणीतरी काढलेली आहेत, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात पेंटरचं नावही असतं बऱ्याचदा. दिल्लीच्या हनीफ कुरेशींनी पेंटर लोकांच्या अक्षरांचे डिजिटल फॉन्ट केले तेव्हा फॉन्टला पेंटरचंच नाव दिलं, पेंटर कफील, पेंटर उमेश, तसं. आपल्याला तेवढं जमत नसेल तर निदान युक्ती घ्यावी, अक्षर राहू द्यावं.

तर त्या पोराला शेवटी काय सांगितलं, तर हेडिंग मराठीत असेल आणि दोन ओळींचं असेल तर आधी फोल्डर, म्हणजे ऊकार कुठे न्यायचा ते ठरतं, मग बाकीचं त्याच्याभोवती बसवायचं. उलटं केलं, आधी बोर्डावरचं लेआउट पक्कं करून त्यात मराठी शब्द कोंबला, तर दीड वाजतोच. माझा अनुभव हा, तुमचा वेगळा असू शकतो, तुमच्या शब्दात वेलांटी-उकारच नसतील तर तुम्ही सुटलात. फोल्डर अजून नसेल तर घरापासून स्टँडपर्यंत एकदा चालत जा, पहिल्याच दिवशी दहा-बारा मिळतील.

रंगांसाठी मात्र मी अजूनही पिंटरेस्टच उघडतो. आमच्या बाजारपेठेत सगळं लाल-पिवळंच आहे.