पाळीच्या कळा: श्वसन, शिथिलीकरण, योगासने की शेक?

पाळी नियमित होऊ लागली की अनेक मुलींना पहिल्या एक-दोन दिवसांत ओटीपोटात कळा येतात. गर्भाशयाच्या अस्तरात तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनामुळे तेथील स्नायू जोराने आकुंचन पावतात आणि दुखू लागते. त्यात भीतीने अंग आखडून घेतले, तर तीच कळ अधिक तीव्र भासते. शिथिलीकरणाचा उपयोग होतो तो येथे.

दीर्घ श्वसन सर्वांत सोपे आहे. वर्गात बाकावर बसल्या बसल्या, कोणाच्या लक्षातही न येता, पोट फुगवत सावकाश श्वास घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. मात्र कळा तीव्र असतील, तर एवढ्याने भागत नाही.

अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केलेल्या स्नायू-शिथिलीकरणाला 15 ते 20 मिनिटे आणि निवांत खोली लागते. पावलांची बोटे 5 ते 7 सेकंद आवळून एकदम सैल सोडावीत, अर्धा मिनिट तो सैलपणा अनुभवावा आणि मग पोटऱ्या, मांड्या, हात, खांदे, चेहरा असे वर सरकत जावे. ओटीपोट दुखत असताना ते मात्र आवळू नये. माझ्या मते रात्री कळांनी झोप न लागणाऱ्या मुलीसाठी हाच उपाय अधिक योग्य ठरेल, पण तो आधी, दुखत नसतानाच्या दिवसांत शिकून घ्यायला हवा, कारण ऐन कळांमध्ये नवी गोष्ट जमत नाही.

मार्जारासन, भुजंगासन यांसारख्या आसनांचा लाभ महिनाभराच्या नियमित सरावातून मिळतो. तातडीच्या आरामासाठी त्यांवर विसंबू नये. लवकर आराम हवा असेल, तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ओटीपोटावर ठेवावी आणि त्याच वेळी दीर्घ श्वसन करावे. ही जोडी मला सर्वांत व्यवहार्य वाटते. शाळेत पिशवी नेणे अवघड असल्याने तिथे श्वसनावरच भर द्यावा लागेल.

डॉक्टरांनी सुचवलेली वेदनाशामक गोळी जेवणानंतर घेण्यात कमीपणा नाही, आणि “सहन करायला शीक” असे तर मुलीला कधीच म्हणू नये. दर महिन्याला शाळा बुडत असेल, गोळीनेही दुखणे थांबत नसेल, पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल किंवा रक्तस्राव फार होत असेल, तर एंडोमेट्रिओसिससारखे (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे) कारण असू शकते. तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.