आर्जिनिन घ्यावं की सिट्रुलिन?

ही दोन्ही अमिनो आम्लं, पूरक भुकटी म्हणून डब्यांत विकली जाणारी. दोन्ही डब्यांवर 'रक्ताभिसरणासाठी' असंच छापलेलं असतं, आणि दोन्हींचं काम शेवटी एकाच जागी येऊन थांबतं: नायट्रिक ऑक्साइड. या वायूमुळे रक्तवाहिन्या सैलावतात. त्याच्या संशोधनाला १९९८ चं नोबेल मिळालं. शरीर हा वायू बनवतं आर्जिनिनपासून. मग थेट आर्जिनिनच का घेऊ नये?

घोडं पेंड खातं ते पोटात. तोंडावाटे घेतलेल्या आर्जिनिनचा बराचसा भाग आतडं आणि यकृतातलं आर्जिनेज हे विकर रक्तात पोचायच्या आधीच फोडून टाकतं. सिट्रुलिन त्याच्या तावडीत सापडत नाही. ते यकृतातून जवळपास तसंच पुढे सरकतं आणि मूत्रपिंडात गेल्यावर त्याचं आर्जिनिन होतं. त्यामुळे गंमत अशी, की रक्तातलं आर्जिनिन वाढवायला आर्जिनिनपेक्षा सिट्रुलिनच जास्त कामाला येतं. शिवाय आर्जिनिन एका वेळी ९-१० ग्रॅमच्या पुढे गेलं की अनेकांना जुलाब होतात. सिट्रुलिन पोटाला बरंच सोसतं.

आर्जिनिनची जमेची बाजू म्हणजे त्यावर झालेला अभ्यास. २०११ मध्ये ११ चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात वरचा रक्तदाब सरासरी ५ अंकांनी उतरलेला दिसला. सिट्रुलिनच्या चाचण्या बहुतेक छोट्या आहेत.

पण हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर आर्जिनिनच्या वाटेला जाऊच नका. अशा १५३ रुग्णांवरची एक अमेरिकन चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली. आर्जिनिन घेणाऱ्या गटात ६ मृत्यू झाले होते, दुसऱ्या गटात एकही नाही. निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले. सिट्रुलिनचंही शेवटी आर्जिनिनच होतं, तेव्हा अशा रुग्णांना मी तेही सुचवणार नाही. नायट्रेट (छातीत दुखण्यावरचं औषध), सिल्डेनाफिल (व्हायाग्रा) किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर दोन्हींपैकी काहीही घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. दाब नको इतका खाली येऊ शकतो.

धडधाकट माणसाला खरं तर दोन्हींची गरज नसते, शरीर ती स्वतः बनवतं. व्यायामासाठी घ्यायचंच ठरलं असेल तर माझं मत सिट्रुलिनला. फक्त डब्याच्या मागचं बारीक अक्षर वाचा. 'सिट्रुलिन मॅलेट २:१' लिहिलं असेल आणि हे प्रमाण वजनाचं असेल, तर ६ ग्रॅम भुकटीत सिट्रुलिन ४ च ग्रॅम असतं, बाकीचं मॅलिक आम्ल. नुसत्या सिट्रुलिनच्या डब्याशी तुलना करताना हा हिशेब आधी करा.