कुळागरातील रानस्ट्रॉबेरी: एका रोपसंचाचा अनुभव

‘खाता येणारे भू-आच्छादन’ म्हणून विकला जाणारा रानस्ट्रॉबेरीचा एक रोपसंच मी गेल्या ऑक्टोबरात उत्तर गोव्यातील एका रोपवाटिकेकडून मागवला. फोंडा तालुक्यातील आमच्या कुळागरात, म्हणजे पारंपरिक बागायतीत, पोफळींच्या रांगांमधील उघडी जमीन झाकली जावी आणि येता-जाता तोंडात टाकायला थोडी फळेही मिळावीत, एवढीच अपेक्षा होती. रोपे ओल्या शेवाळात नीट बांधून आली, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र संचातील तिन्ही जाती एकाच कामाच्या नाहीत, हे कुठेही लिहिलेले नव्हते.

सर्वांत उजवी ठरली ती फ्रागारिया वेस्काची आल्पाइन जात. फळ जेमतेम बोटाच्या नखाएवढे, पण सुगंध असा की महाबळेश्वरची टपोरी स्ट्रॉबेरी त्यापुढे फिकी वाटावी. परंतु ही जात रनर, म्हणजे जमिनीवर सरपटत जाऊन नवे रोप धरणारे धुमारे, सोडत नाही, जागच्या जागी झुबक्याने वाढते. त्यामुळे जमीन झाकायची तर फूटभर अंतराने रोपच लावावे लागते. याच वेस्काचा युरोपातील रानात आढळणारा प्रकार भरपूर रनर सोडतो आणि आच्छादन म्हणून विकायचे तर संचात तोच असायला हवा होता.

दुसरी जात फ्रागारिया मोस्काटा, म्हणजे कस्तुरी गंधाची स्ट्रॉबेरी. ती ऐसपैस पसरली, पण एकही फूल आले नाही, कारण कळी धरण्यासाठी तिला लागणारी थंडी गोव्याच्या जानेवारीत पडत नाही. शिवाय तिची नर व मादी रोपे बहुधा वेगवेगळी असतात, त्यामुळे एकाच मादीच्या रनरपासून तयार केलेली रोपे फुलली तरी जवळ नर असल्याशिवाय फळत नाहीत. अडचण जुनीच आहे: फ्रेंच अभियंता फ्रेझिए याने १७१४ मध्ये चिलीहून फ्रान्सला नेलेली स्ट्रॉबेरीची रोपे मादी निघाली आणि उत्तर अमेरिकेतील व्हर्जिनियाना जातीचा शेजार मिळाल्यावरच ती नीट फळू लागली. आज बाजारात मिळणारी मोठी स्ट्रॉबेरी त्याच दोन जातींच्या संकराची आहे.

तिसऱ्या रोपांवर ‘हिमालयन रानस्ट्रॉबेरी’ अशी चिठ्ठी होती आणि फुले आली पिवळी. खऱ्या स्ट्रॉबेरीचे फूल पांढरे असते. ही पोटेन्टिला इंडिका होय. तिचे लालभडक फळ देठावर वर तोंड करून उभे राहते आणि चवीला निव्वळ पाणी लागते. विचारणा केल्यावर ‘तेही खाता येते’ असे उत्तर मिळाले, जे खरे असले तरी पैसे चवीसाठी मोजले होते. गंमत म्हणजे जमीन पूर्ण झाकली ती हिनेच.

वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आपल्या प्रदेशात वेस्काची रोपे मेअखेर कुंड्यांत काढून पागोळीच्या आत ठेवावी लागतात, नाहीतर पाने फुटतात तो मधला भागच कुजतो. लावतानाही तो मातीखाली जाऊ देऊ नये आणि वाफा उंच ठेवावा. म्हणून पोफळींखाली मी पुन्हा एकपानी ही जमिनीवर पसरणारी वनस्पतीच लावणार असून आल्पाइन रोपे तेवढी पायवाटेच्या कडेला ठेवीन. रोपवाटिकेने ती सुटी विकावीत आणि जमल्यास पांढुरक्या फळांचा प्रकारही ठेवावा, कारण लाल फळे पिकताच बुलबुल आमच्याआधी हजर असतात.